बिनदाताची किल्ली

गाडी घरी आली त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, मैनाबाईंनी, सगळ्यांत आधी किल्ली पाहायला मागितली. किसनरावांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, खिशातून एक काळी, गुळगुळीत गोटी काढून आपल्या आईच्या तळहातावर ठेवली. सासूबाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, कानाशी नेऊन हलवली.

"इले दात कुठी हायेत?"

"हिले दात नसतेत, माय. खिशात ठेवाची अन् गाडीपाशी जायाचं. गाडी मालकाले वयखते."

त्यांनी गोटी परत घेतली, दोन पावलं गाडीकडे टाकली. गाडीनं दोन्ही आरसे कानांसारखे उघडले आणि टुक् करून डोळे मिचकावले. किसनराव आमच्याकडे असे वळले, जणू मालक ओळखायची ही शिकवण त्यांचीच.

"मले वयखन का?" सासूबाईंनी विचारलं.

"ज्याच्यापाशी किल्ली, त्याले वयखते."

"मंग ते किल्लीले वयखते. तुले कायचं वयखते?" असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

हे दोन हजार सतराचं साल. आमचं दर्यापूरकडचं पाच एकर काळं वावर नव्या रस्त्यात गेलं होतं, अर्धा एकर तेवढं उरलं. त्या साली गावात ज्याच्या त्याच्या तोंडी बोंडअळी होती. आमच्या गेलेल्या पाच एकराला मात्र आता कशाचीच कीड लागणार नव्हती, डांबराला काय लागते? मोबदला आला आणि किसनराव गाडी घेऊन आले. तसं गावात घरोघरच झालं होतं. दारात गाडी उभी, आणि तीत बसून जावं असं कुठं काम नाही.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्या महालक्ष्म्या मातीच्या कोठ्यांवर बसतात. कोठीत धान्य भरायचं, वर मुखवटा ठेवायचा, लुगडं नेसवायचं. एकदा बसल्या की तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलवेपर्यंत त्यांना बोट लावायचं नाही. कोठी भरायचा मान सासूबाईंचा. त्या वेळी त्या कोणाला जवळ येऊ देत नाहीत. ओसरीवर थोरली-धाकटी दोघी महालक्ष्म्या बसणार, म्हणून किसनरावांनी गाडी ओसरीला खेटून उभी केली, लक्ष्मीला दिसावी म्हणून. जोडीची दुसरी किल्ली शोरूममधून अजून यायची होती. असलेली एक त्यांनी आईच्या हाती दिली आणि म्हणाले, "माय, हे महालक्ष्मीजवळ ठेव."

दुसऱ्या दिवशी जेवणाचा थाट. सोळा भाज्या, आंबील, पुरण. आलेल्या बायांची पोरं गाडीभोवती. जो कडीला हात लावे, त्याला गाडी टुक् करून उघडे.

"किसनराव," माझी जाऊ मनकर्णा म्हणाली, "तुमची गाडी तं साऱ्या गावाले वयखते."

किसनराव कसनुसं हसले. आम्हाला तेव्हाच समजायला हवं होतं.

साडेअकराला प्रणालीचा फोन वाजला. प्रणाली म्हणजे आमची एकुलती एक. शेतीचं शिकायचं हा तिचा हट्ट. वावर गेल्यावर तर तो आणखीच वाढला. "वावर गेलं अन् पोरगी शेती शिकून राहिली," असं किसनराव ज्याला त्याला सांगत, अर्धी तक्रार, अर्धी ऐट. प्रवेशाच्या सगळ्या याद्यांतून ती थोडक्यात हुकली होती. फोन अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून होता. एक जागा रिकामी झाली. तीन वाजेपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला.

तिचा हात पुरणानं भरलेला. तोच तिनं डोळ्यांना लावला.

एस.टी. सकाळीच गेलेली, दुसरी चारला. काळीपिवळी जीपवाले जेवायला बसलेले. गावातल्या बाकी गाड्या सणाचे पाहुणे आणायला गेलेल्या. मोटारसायकल होती, ती गाडी आली म्हणून आम्ही भाच्याला देऊन टाकली होती.

"गाडी काढा," मी म्हटलं.

"किल्ली कुठी हाय, माय?" किसनरावांनी विचारलं.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. "तूनंच तं सांगतलं, महालक्ष्मीजवळ ठेव."

"जवळ म्हंजे कुठी?"

"पोटात. पोटाहून जवळ काय अस्ते?"

ओसरीवर दोघी महालक्ष्म्या नथी घालून समोर पाहत होत्या.

"थोरलीच्या का धाकटीच्या?" किसनराव कोठ्यांकडे वळले.

"आता तेवढं कोनाच्या ध्यानात राह्यते? दोघीयले इचार."

मी हात पुढे केला होता, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. धरणं कडक होतं, पण डोळे प्रणालीवर होते.

"उद्या अक्षता पडल्या की काढ, कौसल्ये. आज हात लावाचा नाई. अन् पोरीले अकोल्यालेबी पोचवाचं. दोन्ही कर."

दोन्ही कर! जसं काही एका चुलीवर भात आणि दुसरीवर वरण.

प्रणाली धावत जाऊन मुनव्वरभाईंना घेऊन आली. त्यांचं फाट्यावर गॅरेज आहे. तिथं तेव्हा चार गाड्या होत्या आणि चारही उघडून ठेवलेल्या. ओसरीपुढे उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसले नाहीत. देवाधर्माच्या कामात हा माणूस फार जपून असतो.

"कोठी मातीची हाय ना, वयनी? मंग काम होते. पत्र्याची असती तं गाडीले अंदरचं काहीच ऐकू नसतं आलं. गाडी चार फूट मागे घ्या. सामनेवाली सीट लक्ष्मीच्या बराबर आली पाहिजे. काच खाली करा. मग बटन दाबा."

बारा जणांनी गाडी ढकलली. पंक्तीतून उठलेले लोक, खरकटे हात वर धरून, खांदे लावून. गाडी ओसरीशी थांबली तेव्हा थोरलीच्या पदरात आणि स्टेअरिंगवरच्या किसनरावांत दीड हाताचं अंतर होतं. त्यांनी आधी नमस्कार केला, मग बटन दाबलं.

गाडी सुरू झाली. बायांनी घंटा वाजवली.

"थोरलीच्याच पोटात हाय," सासूबाई म्हणाल्या, "मले वाटलंच."

मुनव्वरभाई खिडकीत वाकले. "किसनभाऊ, आता ध्यान देऊन ऐका. इथून निघाले की गाडी बोंबलन, किल्ली नाई किल्ली नाई म्हनून. बोंबलू द्या. चालू गाडी बंद नाई पडत. पन तुमी बंद केली, का तुमच्या हातून बंद पडली, तं मंग लक्ष्मी अकोल्याले आनावी लागन."

आता, गाडी बंद पाडण्यात किसनरावांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. गतिरोधक दिसला की ते क्लच सोडून देत. म्हणून मी सोबत गेले. प्रत्येक गतिरोधकाला मी आणि प्रणाली एकसुरात म्हणायचो, "क्लच!" गाडी आपली टीं टीं टीं करत होती. एका पंपावर थांबलो, तर तिथला माणूस म्हणाला, इंजिन बंद करा. आम्ही त्याला रामराम केला आणि पुढे निघालो.

अकोल्याच्या जठारपेठेत प्रणाली झेरॉक्स काढायला उतरली. म्हशींचा एक कळप रस्त्यात आला. तिथं किसनरावांच्या कपाळावर जो घाम मी पाहिला, तो पाच एकरांचं पीक सोंगतानाही पाहिला नव्हता.

अडीचला कॉलेजच्या फाटकात पोचलो. पालकाची सही हवी म्हणून किसनराव लेकीसोबत आत गेले. मला त्यांनी आपल्या जागेवर बसवलं. "कशालेच हात लावू नको. कोनाले लावू देऊ नको."

पाच मिनिटांत एक भला चौकीदार आला. "मावशी, पेट्रोल जळून राहिलं. बंद करून देऊ का?"

"नको बापा."

"मले येते बंद कराले. हे बटनच तं हाय." त्याचा हात आत आलाच.

मी त्याच्या हातावर चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या पुरुषाला हात लावला, तोही असा.

"आवो, काऊन मारता?"

"किल्ली लक्ष्मीच्या पोटात हाय," मी सांगितलं. "लक्ष्मी दर्यापूरकडे हाय. उद्या अक्षता पडल्यावर भेटन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, टीं टीं करणाऱ्या गाडीकडे पाहिलं, आणि पाण्याची बाटली आणून दिली. ऊन लागलं असं त्याला वाटलं असावं. मग तो स्वतःच गाडीजवळ उभा राहिला आणि कोणाला फिरकू देईना.

तीनला दहा कमी असताना प्रणाली पळत आली. ओढणी एका खांद्यावर, हातात पावती. "भेटली! आई, भेटली!"

मी उतरून तिला पोटाशी धरलं. मागून किसनराव आले. डोळे पुसत गाडीत बसले. आनंदात माणूस सवयीनं वागतो. त्यांनी बटन दाबलं.

टीं टीं थांबलं. इतकं शांत झालं की दूरवरचा पाण्याचा पंप ऐकू आला.

"आता?" प्रणाली म्हणाली.

"आता एस.टी.," मी म्हटलं. चौकीदार म्हणाला, "राहू द्या इथंच, मावशी. म्या पाह्यतो. लक्ष्मी येईस्तोवर."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. सासूबाईंनी थोरलीची कोठी आपल्या हातानं रिकामी केली. गहू परातीत ओतले, हळकुंड निघालं, सुपारी निघाली, मग ती काळी गोटी. किसनरावांचा कालपासूनचा राग तेव्हा बाहेर आला.

"माय, हे का धान्य होय? पोटात काऊन टाकलं?"

सासूबाई गव्हातून हात फिरवत होत्या. "दरसाल आपल्या वावरातले दाने पोटात जातेत. औंदा हे गहू दुकानातले हायेत. मले लाज वाटली तिच्या पोटात नुसते इकतचे दाने भराले." त्यांनी गोटीला चिकटलेला गव्हाचा दाणा काढला. "आपल्या वावरातून औंदा का निघालं? हेच तं निघालं."

किसनराव परातीतले गहू उगाचच सारखे करू लागले.

किल्ली सासूबाईंनी कोणाला दिली नाही. आपल्या चंचीत पान-सुपारीसोबत टाकली आणि चपला घातल्या. एस.टी.नं आम्ही चौघं अकोल्याला गेलो. फाटकात चौकीदार उठून उभा राहिला. त्यानं सासूबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हात जोडले. त्याला काय समजायचं ते समजलं असेल.

सासूबाई चंची कमरेला खोचून एकट्याच पुढे गेल्या. गाडीवर कडूनिंबाचा पाला पडला होता. त्या सात-आठ पावलं गेल्या आणि गाडीनं दोन्ही कान उघडले, डोळे मिचकावले.

त्या थांबल्या. पदर सारखा केला.

"वयखलं मले," म्हणाल्या. मग गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, जसा बैलावरून फिरवतात, आणि प्रणालीला म्हणाल्या, "तू बस समोर. तुह्या बापाले मांगं बसू दे."

"मले कुठी येते चालवाले, आजी?"

"मंग शिक," सासूबाई म्हणाल्या. "चार साल इथंच तं हायेस."