छत्तीस नंबरची दाढ

बाबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि खिशातून तोंड तपासायचा छोटा आरसा काढला.

"आ कर बघू."

"चाळिशी उलटली माझी, बाबा."

"दातांना कुठे कळतं ते? कर."

तिने ओठ मिटून घेतले आणि भाजी चिरत राहिली. ते हसले, आरसा शर्टाला पुसून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने ती त्यांच्या कॉलेजच्या दंतविभागातली तपासणीची खोली आवरायला गेली. बाबांचे सहायक म्हणून उभी हयात काढलेल्या, जाड चष्म्याच्या भिंगकाकांनी एक पाकीट पुढे केलं.

"तुझी कार्डं. त्यांच्या पहिल्या अभ्यासातली."

दोनशे मुलं, चार वर्षं. कीड किती वेगाने वाढते त्याचं मोजमाप. त्यात तीही होती. छत्तीस नंबर, म्हणजे खालची डावी दाढ. आठव्या वर्षी एक, नवव्या वर्षी दोन, मग तीन, मग चार. चार म्हणजे कीड थेट दाताच्या नसेपर्यंत पोचलेली. सगळे आकडे बाबांच्या टपोऱ्या अक्षरात. बाराव्या वर्षी दाढ काढावी लागली, तेव्हा घरादाराने तिच्या चॉकलेटांच्या नावाने बोटं मोडली होती. बाबांनीसुद्धा.

"म्हणजे बाबांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं."

"नियम होता तसा. नुसतं नोंदायचं, सांगायचं नाही, भरायचं नाही. नाहीतर खरा वेग कळला नसता." काका चष्मा पुसू लागले. "इतकी सरळ चढण दुसऱ्या कुणाच्या कार्डावर नव्हती. वर्गात दाखवायचे ते. नाव झाकून."

"उपकारच म्हणायचे."

तिने कार्डं उलटीपालटी केली.

"दुखतं का, हा रकाना कुठाय?"

"नव्हता. मूल आपणहून दुखतंय म्हणालं, तरच त्याला वगळून उपचाराला पाठवायचं. आपण विचारायचं नाही." काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "फक्त तुला विचारायचे ते. हळूच. दर वर्षी. तू मान हलवून नाही म्हणायचीस, की आकडा लिहायचे."

तिच्या हातातली कार्डं चुरगळली. वगळलेल्या मुलांना पुन्हा या खोलीत यायला मिळत नसे. वर्षातून तपासणीचा तो एकच दिवस बाबा तिच्याकडे इतक्या जवळून बघत.

काका बाहेर गेल्यावर ती तपासणीच्या खुर्चीत बसली. जीभ आपोआप त्या मोकळ्या जागेवर गेली.

"दुखत होतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "दिसत होतं ना तुम्हाला? मग मला कशाला विचारत होतात?"