बरणीच्या पोटातले खडे

खडेबाबांच्या दारापुढे सकाळी रांग लागायची आणि प्रत्येकाच्या हातात काचेची बरणी असायची. बरणीत हिरवट खडे, बाबांचं औषध पिऊन शौचावाटे पडलेले. कोणाचे वाटाण्याएवढे, कोणाचे बोराएवढे. ज्याचे बोराएवढे तो जरा ताठ मानेने उभा राहायचा, जणू पोटात खडे पिकवणं ही कर्तबगारीच. बरण्या आमच्याच काचकारखान्यातल्या, पोटं आमच्याच माणसांची. बाबांचं काय होतं, तर जीभ.

"ही भट्टीची वाळू," बरणी उजेडात धरून बाबा सांगत. "नळीने काच फुंकता, श्वासाबरोबर वाळू आत उतरते, धगीने भाजते, तिचे खडे होतात. डॉक्टर म्हणतो दारू सोड, बिडी सोड. अरे, दारू बिचारी धग उतरवते! बिडीचा धूर वाळू सैल करतो. तुमचा यात दोष काय?"

हे शेवटचं वाक्य लोकांना औषधापेक्षा जास्त लागू पडायचं. पाळी सुटली की भट्टीवाल्यांनी कारखान्याच्या मागच्या भिंतीशी बसून 'धग उतरवायची', ही आमच्याकडची बापजाद्यांची रीत. जो पीत नाही तो भट्टीवर टिकत नाही, असं ठाम मत. मी कोरीवकामात आहे, मला धग लागत नाही, म्हणून माझ्या मताला किंमत नव्हती.

माझा धाकटा भाऊ मात्र मुख्य भट्टीवरचा. चांगला दणकट गडी, पण आता सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. जेवला की वरच्या पोटात कळ उठे आणि थेट पाठीत जाई. शौचाला तेलकट होई. दवाखान्यातून जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सुली आणल्या होत्या, त्या बाबांनी बंद करवल्या. बाबांच्या औषधाचा दुसरा डोस घेतला आणि हा गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर लोळायला लागला. भावजयीने आणि मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. त्या दिवशी तो हातचा जातो की काय, असं मला खरंच वाटलं.

कळ थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. अन्न पचवणारा रस तेच बनवतं. यांचं ते वर्षानुवर्षं सुजत आलंय."

"दारूने?" भावजयीने खाली मान घालून विचारलं.

"दारू हे मोठं कारण. तंबाखूचा धूर वेगळा घात करतो, आणि दोन्ही एकत्र म्हणजे आगीत तेल."

"मग आमच्या पॅकिंगमधल्या काकांना हाच आजार कसा?" मी म्हटलं. "ते थेंबालाही शिवत नाहीत, बिडीला तर नाहीच."

"कोणाकडे घराण्यातून येतो. कोणाच्या रक्तात चरबी किंवा कॅल्शियम फार वाढलेलं असतं. कधी शरीराची संरक्षणव्यवस्थाच उलटते. आणि काहींचं कारण आम्हालाही सापडत नाही. तेव्हा काकांवर चोरून पिण्याचा आळ घेऊ नका."

आमच्या वस्तीने तो केव्हाच घेतला होता. मग बाईंनी बाबांच्या औषधात काय असतं ते विचारलं. भावजय म्हणाली, "वाटीभर तेल, लिंबाचा रस, हिरवी पूड आणि राखेचं निवळलेलं पाणी. सगळं कोमट करून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेल आणि राखेचं पाणी? पूर्वी साबण असाच करत. खडे पोटातून येत नाहीत, औषधाचेच बनतात. खोटं वाटत असेल तर बरणीत घालून बघा. पण यांना पुन्हा पाजू नका. साधं चमचाभर तेल पचत नाही त्यांना. पुढच्या वेळी इथपर्यंत आणायला वेळ मिळेलच असं नाही."

घरी आल्यावर धाकट्याचं पहिलं वाक्य: "तिसरा डोस राहिलाय, ताई. मोठा खडा अडकलाय, म्हणून दुखलं. बाबा म्हणालेच होते."

भावजय औषधाच्या बाटल्या पदराआड घेऊन दारात उभी होती. तिच्याने देववतही नव्हत्या आणि फेकवतही नव्हत्या. मला असा राग आला, की वाटलं बाटल्या हिसकून मोरीत ओताव्यात. पण ओतल्या असत्या तर तो दुसऱ्या आणून प्याला असता. मी आवाज खाली आणला.

"एक दिवस दे मला. औषध आधी बरणी पिऊ दे. हिच्यातून खडे निघाले नाहीत, तर मी स्वतःच्या हाताने तुला पाजीन."

तो हसला. "बरणी काय आजारी आहे?"

"तेच तर बघायचंय."

मी कोरायला आणलेली कोरी बरणी घेतली, सगळं कोमट करून ओतलं, ढवळून झाकण लावलं. त्या रात्री घरात कोणी नीट झोपलं नाही. मी बोलून तर बसले होते. खडे धरले नाहीत तर?

सकाळी बरणीत हिरवे गोळे होते. एक तर चांगला बोराएवढा. धाकटा बरणी हलवून बघत म्हणाला, "औषधाचा गुण असेल. बाबांनाच विचारू."

रांगेत आमचा नंबर आला. त्याने मुकाट्याने बरणी पुढे केली. बाबांनी ती उजेडात धरली. "हाच! पाठीत कळ मारणारा! चांगला जुना आहे. लग्नाआधीचा."

"बाबा, हे माझ्या पोटातले नाहीत," धाकटा म्हणाला.

"मग कोणाच्या?"

"बरणीच्या. औषध मी प्यालो नाही. हिला पाजलं."

बाबा क्षणभर थबकले, पण असली माणसं मांजरासारखी, कुठूनही पडली तरी पायांवर. "अरे वेड्या, काच कशाची बनते? वाळूचीच ना? औषधाने काचेतली वाळू ओढून काढली!"

रांगेत माना डोलल्या. धाकट्याचीही हलली.

मी बाबांच्याच चुलीवरचं उकळतं पाणी परातीत ओतलं आणि बोराएवढा खडा त्यात टाकला. तो मऊ झाला, पसरला, पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"वाळू वितळवायला आपल्याला अखंड पेटती भट्टी लागते," मी रांगेकडे वळून म्हटलं. "ही वाळू चहाच्या आधणात वितळते. तुमच्यात असा कोणी भट्टीवाला आहे, ज्याने हे पाहिलंय?"

ज्यांचे हात वाळू वितळवण्यात भाजले होते, त्यांना आणखी काय समजवायचं? मग रांगेतले पॅकिंगवाले काका पुढे आले. स्वतःच्या बरणीतला खडा त्यांनी गरम पाण्यात बुडवून तळहातांवर चोळला. फेस आला. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाले, "वास तेवढा बरा नाही."

लोक हसले, आणि हसण्यापुढे कुठल्याही बाबाचं काही चालत नाही. "तुमच्या अश्रद्धेने वितळले," असं पुटपुटत ते आत गेले. दार लागलं ते लागलंच.

धाकटा पायरीवर बसला होता. "ताई, वाळू असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "वाळूला मी जबाबदार नव्हतो."

इतके दिवस मला वाटत होतं की तो मूर्ख आहे. तो नुसता घाबरलेला होता. "दोष काढत बसायचं नाही," मी म्हटलं. "पुढचं तुझ्या हातात आहे, तेवढं धर."

सुजून निकामी झालेलं स्वादुपिंड पहिल्यासारखं होत नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय. पण कॅप्सुली पुन्हा सुरू आहेत, कळ क्वचित येते. पाळी सुटली की तो भिंतीकडे न जाता पुढच्या फाटकाने घरी येतो. बिडी सुटायला जास्त त्रास झाला. कधी चिडतो, मी चिडू देते.

वाचकहो, तुमच्या पोटातून कोणी काही काढून दाखवलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी तेच औषध एका कोऱ्या बरणीला पाजून बघा. आणि 'तुमचा काही दोष नाही, चालू द्या' असं जो गोड बोलून सांगतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. आमची बरणी अजून मोरीवर आहे. धाकटा कामावरून आला की तिच्यातला खडा घेऊन हात धुतो आणि जेवायला बसतो.