ईशान्येचा खड्डा

पार्वताबाई गेली आणि तिच्या तेरवीनंतरच्या सोमवारी रागिणी कामावर रुजू झाली. नोकरी पक्की नव्हती. सरकारी ऑफिसच्या बांधकाम परवानगी विभागात वर्षभर शिकाऊ म्हणून राहायचं, साहेबांसोबत फिरायचं. लोकांनी घर नकाशाप्रमाणे बांधलं का, पाया नीट घेतला का, हे बघायला शिकायचं. नातेवाईक म्हणाले, एवढ्या लवकर पोरीला कशाला धाडता? तिचे वडील नत्थुजी म्हणाले, "मी कुठं धाडून राहिलो? तिच्या मायनंच धाडलं."

ते खरं होतं. डिप्लोमाला नंबर लावायला पार्वताबाईच पोरीला घेऊन एसटीनं अकोल्याला गेली होती. दवाखान्यात असतानाही रोज सकाळी विचारायची, "पोरीचा हुकूम आला का?" हुकूम आला तेव्हा तिनं तो दोनदा वाचून घेतला. ते नीट ऐकण्याइतकी शुद्ध तिला होती. त्यानंतर राहिली नाही.

राजापेठेच्या मागं भाड्याच्या दोन खोल्यांत आता बापलेक दोघंच राहायचे. नत्थुजी सकाळी भाजीचं दुकान लावायचे, संध्याकाळी पोरीची वाट बघायचे.

"आज का तपासलं?"

"एका वकिलाचा जिना. सरकारी नालीवर उतरून राहिला होता."

"मंग?"

"मंग का. तायडे साहेब म्हणे, वकीलसाहेब, घरातून निघाले की सीधे नालीतच जासान का?"

नत्थुजी हसले. हसता हसता त्यांनी सवयीनं स्वयंपाकघराकडं पाहिलं, पार्वताबाईनं ऐकलं का म्हणून. मग ताट पुढं ओढून जेवायला लागले.

स्वतःचं घर बांधायला गावाबाहेरचा प्लॉट पार्वताबाईनं पसंत केला होता. नकाशा तिच्यासमोर झाला, परवानगीही ती असतानाच आली. पूर्वी तिथं शेत होतं, जमीन सगळी काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर टेकवलेलं घर तिच्यासोबत हलतं. म्हणून पायाचे खड्डे खाली मुरूम लागेपर्यंत खणायचे आणि भरण्याआधी ऑफिसला कळवायचं, असा रागिणीच्या ऑफिसचा नियम होता. नत्थुजींनी कळवलं नाही.

त्याला कारण पायाची पूजा आणि तिचा मुहूर्त. पूजेला नवराबायको जोडीनं बसतात. बायको नसली तर भटजी माणसाच्या कमरेला सुपारी खोचायला लावतात आणि ती सुपारी बायकोच्या जागी धरतात. भटजींनी सुपारी पुढं केली तसे नत्थुजींचे हात मागं गेले.

"मले नाई जमत, महाराज."

"शास्त्र आहे, नत्थुजी. सगळेच करतात."

"करत असतीन. पण मी तिच्या जागी सुपारी नाई ठेवत."

सरणावर ठेवायच्या आधी नत्थुजींच्या बहिणीनं, बेबीताईनं, पार्वताबाईच्या पायातली जोडवी काढून त्यांच्या हातात दिली होती. तेव्हापासून ती त्यांच्या बंडीच्या खिशात असायची. त्यांनी ती काढली, हळदीकुंकू लावलं आणि ईशान्येच्या खड्ड्यात उतरून तळाशी ठेवली. आता पार्वताबाई घराखाली राहील, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मिस्त्री पुंजाराम खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाला, "नत्थुभाऊ, बाकी तिन्हींत मुरूम लागला जी. इथं अजून काळीच आहे. हातभर तरी खाली जा लागते."

"मुहूर्त किती वेळ आहे, महाराज?"

"संपत आला."

तिची जोडवी पुन्हा वर काढायची आणि मुहूर्त टळल्यावर परत ठेवायची, हे नत्थुजींना झेपणारं नव्हतं. दुकान लावायच्या आधी अर्धा जन्म काळ्या मातीत भाजी पिकवलेला माणूस. ती माती काय करते हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तरी म्हणाले, "भरा."

त्या दिवशी रागिणी कामावर होती. संध्याकाळी त्यांनी तिला एवढंच सांगितलं, पाया भरला. ती म्हणाली, "न कळवता काहून भरला, बाबा?" ते म्हणाले, "मुहूर्त होता." मायच्या पसंतीच्या घराची पूजा म्हणून तिनं विषय सोडून दिला.

आठवड्यानं, ऑफिसात कळल्यावर, तायडे साहेब प्लॉटवर आले. मागं रागिणी.

"नत्थुजी, नियम पोरीच्या घरीच मोडला राजेहो! घरचं काम म्हणून हिचं नाव मी कागदावर घेतलं नाही. नुसती पाहायला आणली. खड्डे भरायच्या आधीचे फोटो आहेत का?"

"नाई जी."

"मुरूम लागला होता?"

"लागला होता," नत्थुजी म्हणाले.

साहेब टेप घेऊन हद्दीपासूनचं अंतर मोजायला पलीकडं गेले. रागिणी जागेवरच उभी राहिली. खड्ड्यांतून निघालेल्या मातीचे ढीग अजून तसेच होते. जी माती शेवटी निघते ती ढिगावर सगळ्यात वर पडते. तीन ढिगांच्या माथ्यावर पिवळा मुरूम होता. ईशान्येच्या ढिगावर काळी मातीच. रागिणीनं तो ढीग पाहिला, मग बापाकडं पाहिलं. पोरीला काय दिसलं ते नत्थुजींना कळलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणून.

साहेब परत आले. "अंतर बरोबर आहे. चला."

रागिणी ईशान्येच्या ढिगाजवळ गेली. "साहेब, हा ढीग पाहा. इथं मुरूम लागला नाही."

साहेबांनी ढिगाला पाय लावला, वाकून माती चिमटीत घेतली आणि नत्थुजींकडं बघितलं. "हा फोडून खाली घ्या लागन, नत्थुजी," एवढं म्हणून ते गाडीजवळ जाऊन उभे राहिले.

"खूप शिकली वं तू," नत्थुजी म्हणाले. "बापाले साहेबापुढं खोटं पाडलं."

"बाबा, घर फाटन आपलं. लोकाच्या दारी जाऊन मी हेच सांगतो नं?"

"त्यात तुह्या मायची जोडवी आहेत."

रागिणीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी सुपारीचं सांगितलं, तळाशी ठेवलेल्या जोडव्यांचं सांगितलं. ऐकता ऐकता ती खाली मातीवर बसली.

"आता सांग. फोडू?"

तिनं शेजारची काळी माती मुठीत घेऊन चुरली. शेवटी ती म्हणाली, "फोडा, बाबा," आणि ओढणी तोंडाशी धरली.

दोन दिवस नत्थुजी तिच्याशी बोलले नाहीत. ती डबा करून ठेवायची, ते खायचे. रविवारी पुंजाराम घण घेऊन आला, तर नत्थुजी आधीच प्लॉटवर बसलेले.

"तुमी बाजूले व्हा, भाऊ. हे काम तुमच्या हातचं नोहे."

"मीच फोडतो. दुसऱ्याचा घाव नको तिच्यावर."

पहिले घाव त्यांनी घातले. मग दम लागला आणि घण पुंजारामाकडं द्यावा लागला. रागिणी निघालेला एकेक तुकडा वर घेऊन हातानं चाचपत होती. दुपारी एका गठ्ठ्यात चांदीची कड दिसली. जोडवं काँक्रीटमध्ये पक्कं बसलं होतं, घावानं चेपलं होतं. दुसरं सापडलंच नाही. भुगा चाळून पाहिला, माती चाळून पाहिली.

"हा गठ्ठा तसाच टाकू खाली," नत्थुजी म्हणाले. "मुरूम लागला की."

रागिणीनं मान हलवली. "जुना तुकडा नव्या पायात नाई चालत, बाबा. तिथं पाया कच्चा राह्यते."

"एवढासा आहे वं."

"हाव. एवढासाच आहे."

पुंजाराम दुसरीकडं बघायला लागला. नत्थुजींनी गठ्ठा गमछ्यात बांधला आणि आपल्या बाजूला ठेवला.

हातभर नाही, कमरेएवढं खाली जावं लागलं. सोमवारी तायडे साहेब आले. रागिणी खड्ड्यात उतरली, पहार मारली. पहार अडकली, खडखडली. तिनं मूठभर पिवळा मुरूम वर धरून दाखवला.

"लागला, साहेब."

साहेबांनी फोटो काढले, कागदावर सही केली. नत्थुजींनी पोरीला हात देऊन वर घेतलं. हात सोडताना त्यांनी विचारलं, "तुही सही नाई केली?"

"माही नाई चालत, बाबा. मी शिकाऊ आहे."

पुंजारामानं विचारलं, "भाऊ, पूजा? भटजी बोलावू?"

नत्थुजी काठावरून खाली बघत राहिले. तळ स्वच्छ होता, त्यात काहीच नव्हतं.

"भरा," ते म्हणाले.