दीड मिनिटाचा रॅम्प

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. माझं पुढचं एक चाक कुरकुरतं, पण कणा अजून ताठ आहे. लोखंडी नळ्या वाकवून, जोडून एका कारखान्यात मला घडवलं आणि मी आले ती रुग्णांच्या वस्तू उसन्या देणाऱ्या दुकानात. कुबड्या, वॉकर आणि मी, आमचं बिऱ्हाड एकाच भिंतीला. कुणाचं हाड मोडलं की मी त्याच्या घरी जायची, हाड जुळलं की परत. बहुतेकांनी मला 'गेली एकदाची' म्हणूनच निरोप दिला. पण एक माणूस असा भेटला, की त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ते बसचालक होते. त्यांची बस घड्याळाच्या काट्याला धरून धावायची, म्हणून डेपोत त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. एकदा बसची काच पुसताना ते स्टुलावरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, "सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही."

त्यांची लेक मला ढकलायला आली, तर म्हणाले, "हात काढ. एवढी मोठी बस चालवतो, ही मला जड आहे होय?" आणि लगेच आम्ही न्हाणीघराच्या दारात अडकलो. दार दोन बोटं अरुंद! शेवटी लेकीने दारच बिजागऱ्यांतून काढलं, तेव्हा कुठे आत गेलो. काटेमास्तरांच्या तळहातांना फोड आले, पण हट्ट सुटला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं. लेक कामावर गेलेली. आम्ही दोघं थांब्यावर आलो. तिथे चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई स्वतःच्या व्हीलचेअरवर थांबल्या होत्या. आठ वीसची बस आली. काटेमास्तरांनीच शिकवून तयार केलेला तरुण चालक ती चालवत होता. त्यांनी हात वर केला. दार उघडलं, पायांवर उभे असलेले तिघं चढले, दार मिटलं आणि बस निघून गेली.

"अरे! मी होतो! त्यानं बघितलं नाही का मला?"

"खुर्ची बघितली," बाई म्हणाल्या. "तिच्यावरचा माणूस नाही बघितला. थांबा आता. मी नेहमी एक-दोन सोडूनच धरते." मग त्यांनी काटेमास्तरांना नीट निरखलं. "आठ वीस तुम्हीच चालवायचात ना?"

माझ्या चाकांवरची त्यांची पकड घट्ट झाली. "खुर्ची चढवायची ती दारातली फळी, तो रॅम्प काढायला चार मिनिटं जातात हो," ते पुटपुटले. "गर्दीत त्याच्या नादी लागू नको, असं मीच त्या पोराला शिकवलं."

"दीड मिनिट लागतं. कधी काढलाच नाही, तर चार वाटणारच. त्या चार मिनिटांपायी माझी आधीची नोकरी गेली. रोज उशीर, रोज उशीर."

तिसऱ्या बसने आम्हाला घेतलं. मी त्यांना रोज वाहत होते, म्हणून सांगते, त्या दिवशी ते मला फार जड लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डेपोकडे वळवलं. वाटेत दोन चढ, एक उखडलेला फुटपाथ. दोनदा थांबून त्यांनी तळहातांवर फुंकर घातली, पण कुणाला ढकलू दिलं नाही.

डेपोचे साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही रजेवर ना? घरी बसा की!"

"बसलेलोच आहे साहेब," काटेमास्तर म्हणाले. "एक रिकामी बस द्या."

रॅम्पची कडी गंजून घट्ट झाली होती. मेकॅनिकने तेल सोडलं, हातोडी चालवली. पहिल्यांदा तब्बल सहा मिनिटं लागली. "पुन्हा," काटेमास्तर म्हणाले. रोज दुपारी हेच. त्या रॅम्पवर मी किती चढले-उतरले, मोजदाद नाही. एकदा तर मागे कलंडलेही. हळूहळू एकेक चालक येऊन उभा राहू लागला. सुट्टीच्या दिवशी चष्म्याच्या दुकानातल्या बाईही आल्या. एकाने मदत म्हणून त्यांची खुर्ची धरली, तर त्या कडाडल्या, "आधी विचार! तुला कुणी न विचारता कडेवर घेतलं तर चालेल?"

तो तरुण चालक मान खाली घालून पुढे आला. "मास्तर, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलंच नाही."

"मला ओळखलं नाहीस, त्याचं काही नाही रे," काटेमास्तर म्हणाले. "अनोळखी माणसासाठीसुद्धा थांबायचं होतं. चूक माझी आहे, मीच तुला तसं शिकवलं. आता मीच मोडतो ते. काढ रॅम्प."

त्याने काढला. दीड मिनिट लागलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. माझ्या चाकांत गुंतलेले केस-दोरे काढून, हवा भरून, काठी टेकत ते मला परत द्यायला आले. लेक म्हणाली, "सुटलात बाबा."

"मी सुटलो. पण बाईंची खुर्ची सुटणार नाहीये, आणि त्यांना कामावर पोचायचंय. डॉक्टरांनी हो म्हटलं की आठ वीस पुन्हा माझी."

त्यानंतर मी खूप घरं पाहिली. सगळ्याच बसचे रॅम्प अजून निघत नाहीत. पण निघतो तेव्हा मी ताठ मानेने वर चढते.

मित्रांनो, मला पावसात ठेवू नका, चाकांत हवा भरत जा. पायवाटेवर आडवी लावलेली सायकल बाजूला घ्या. मदत करायची तर विचारून करा. आणि बस आली की आम्हालाही चढू द्या. घाई आम्हालाही असते.