निळं पाणी

दादाने वॉटर पार्कला कुलूप घातलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा माणूस आता हाय खाऊन अंथरूण धरणार. तसं काही झालं नाही. त्याने किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला, फाटक हलवून पाहिलं आणि धाकट्या बहिणीला म्हणाला, "चिमे, एवढा एक उन्हाळा जाऊ दे. पुढच्या उन्हाळ्यात उघडू."

त्यानंतर कितीतरी उन्हाळे आले आणि गेले.

चिमी हे नाव फक्त दादाच्या तोंडी. बाकी सगळ्यांची ती ताई. नवरा ऐन तिशीत गेला तेव्हा दादाने तिला आपल्याकडे आणलं आणि "घरात बसून भिंतींशी बोलू नकोस" म्हणत तिकीट खिडकीत बसवलं. खिडकीच्या अर्धगोल भोकातून तिला माणसांचे चेहरे कमी आणि हातच जास्त दिसायचे. घाईचे हात, लहान मुलांचे चिकट हात, एकमेकांत अडकवलेले हात. त्या हातांवर तिने आयुष्य काढलं.

पार्क बंद पडावा असं खरं तर काही घडलंच नव्हतं. हायवेला दुसरा मोठा पार्क झाला, गर्दी तिकडे वळली, एवढंच. "एखादा अपघात झाला असता तर निदान सांगायला कारण तरी असतं," असं दादा एकदा बोलून गेला आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली. त्याची बायको वर्षभर थांबली, मग मुलाकडे राहायला गेली ती गेलीच. मागे उरले हे दोघं. ऑफिसमागच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला. प्रथमोपचाराच्या खोलीत शेगडी आली. पूर्वी जिथे खरचटलेले गुडघे धुतले जायचे तिथे आता ताई भांडी घासू लागली.

दादाचा दिवस मात्र पार्क चालू असल्यासारखाच सुरू व्हायचा. सकाळी चहा झाला की तो तेलाचा डबा घेऊन पंपघरात जायचा. लाटांच्या मशीनला तेल द्यायचं, डिझेलचा जनरेटर आठवड्यातून एकदा चालवून बघायचा, घसरगुंड्यांची गंजलेली नटं आवळायची. घसरगुंड्यांचा रंग कधीच उडाला होता आणि नटं हातात तुटून यायची. पण दादाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून ताई सांगायच्या भानगडीत पडत नसे. "यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू," असं तीच त्याला दर वर्षी म्हणायची. त्याला बरं वाटायचं, आणि तिलाही वाद नको असायचा.

आणि दादा नटं आवळत होता तेवढ्या वर्षांत पार्कमध्ये दुसरीच मंडळी राहायला आली. लाटांचं मोठं तळं पावसाच्या पाण्याने भरलं आणि हिरवं झालं. कडेच्या भेगांतून लव्हाळं उगवलं. मासे कुठून आले देव जाणे, पण आले. माशांमागून बगळे आले. जीवरक्षक बसायचा त्या उंच खुर्चीवर आता खंड्या बसायचा आणि पूर्वीच्या जीवरक्षकापेक्षा जास्त लक्ष ठेवायचा. काळ्या नळीच्या घसरगुंडीत वटवाघळं लटकली. तिकीट खिडकीखालच्या पोकळीत एका कोल्हिणीने पिल्लं घातली, तेव्हा ताईने आठ दिवस त्या बाजूला झाडू मारला नाही.

दादा या सगळ्याला एकच शब्द वापरायचा. घाण.

"दादा, अरे जीव आहेत ते."

"जीव आहेत तर जंगलात जावं. तिकीट काढून आलेत का?"

यावर ताई हसायची. हसण्यावारी नेलं की विषय संपतो, हे तिला ठाऊक होतं.

त्या वर्षी एक पाणकोंबडी आली. काळीसावळी, कपाळावर लालभडक टिळा, चालताना मान अशी पुढे-मागे करायची की जणू प्रत्येक पावलाला कुणाला तरी होकार देतेय. तळ्याच्या खोल भागात दोन माणसांची एक जुनी पिवळी रबरी ट्यूब अर्धी बुडून लव्हाळ्यात अडकली होती. तिच्यावर तिने काड्या रचून घरटं केलं. ताई रोज सकाळी भाकरीचा चुरा घेऊन काठावर बसायची. पिल्लं निघाली तेव्हा तिला लांबून नुसते काळे ठिपके दिसले, कारण तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दादा चार महिने तिच्या मागे लागला होता, ऑपरेशन करून घे म्हणून. ती टाळत होती. पिल्लं निघाल्यावर तिने आपण होऊन तारीख घेतली.

"इतके दिवस मी सांगतोय तर ऐकलं नाहीस. आता बरी तयार झालीस?"

"पिल्लं नीट बघायचीत," ती म्हणाली.

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "कुणासाठी का होईना."

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दादाने गिऱ्हाईक बघायला सांगून ठेवलेल्या दलालाचा फोन आला. दादाला ऐकू कमी यायचं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असायचा. शेगडीपाशी उभ्या असलेल्या ताईलाही शब्द न् शब्द ऐकू गेला. दलाल म्हणाला, "शुक्रवारी एक पार्टी जागा बघायला येतेय." फोन ठेवून दादा उठला तेव्हा त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

"चिमे! पार्क बघायला येतायत!"

ताईच्या जिभेवर आलं होतं, की तो 'जागा' म्हणाला, 'पार्क' नाही. तिने चहा गाळला आणि कप त्याच्या हातात दिला. "येऊ देत की," एवढंच म्हणाली. दवाखान्यात जायला निघताना मात्र तिने त्याला फाटकात थांबवून बजावलं.

"दादा, पिल्लं मोठी होईपर्यंत तळ्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो गं बाई. तू डोळा सांभाळ."

दवाखान्यात तिला दोन रात्री ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती पाणकोंबडीच्या चालीची नक्कल करून दाखवत होती, तर नर्स ओरडली की आजी, मान हलवायची नाही. शुक्रवारी सकाळी पट्टी सुटली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि म्हणाले, "रंग थोडे वेगळे वाटतील, जास्त उजळ. घाबरू नका, जुना डोळा धुळीतून बघत होता."

रिक्षातून येताना तिला झाडांची पानं सुटी सुटी दिसत होती. ती लहान मुलीसारखी प्रत्येक पाटी वाचत आली.

फाटकातून आत आल्यावर तिला तळं दिसलं. निळं. लख्ख, आकाशाच्या तुकड्यासारखं निळं. ती थबकली आणि तिला आधी डोळ्याचंच कौतुक वाटलं. डॉक्टर म्हणाले होते ना, रंग उजळ दिसतील. तिने चष्मा काढला, जुन्या डोळ्यावर हात धरला, मग नव्यावर धरला. दोन्ही डोळ्यांनी तळं निळंच होतं. मग वाऱ्याबरोबर वास आला. नाकातून घशात उतरणारा, डोळ्यांत पाणी आणणारा तो वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

दादा काठावर उभा होता. नवा शर्ट, भांग पाडलेला, पायांत ओल्या चपला. मागे ब्लीचिंग पावडरची रिकामी पिंपं आणि तुरटीची पोती. दोन रात्री तो झोपला नव्हता, ते डोळ्यांवरून दिसत होतं. हात कोपरापर्यंत लालबुंद झाले होते.

"आलीस! बघ! बघ कसं झालंय! तळाची फरशी दिसतेय, चिमे. आपल्या उद्घाटनाला होतं ना, अगदी तस्सं."

"दादा, ट्यूब कुठाय?"

"कुठली?"

"पिवळी ट्यूब. लव्हाळ्यातली."

"लव्हाळं सगळं उपटलं. ट्यूब फाटकीच होती, टाकली तिकडे." त्याने हात केला.

पंपघराच्या भिंतीला लागून हातगाडी उभी होती. मासे पांढरी पोटं वर करून काठोकाठ रचलेले, त्यात लव्हाळ्याचा चिखल. ताईने पदर खोचला आणि हातांनीच ढीग बाजूला सारायला सुरुवात केली. पिल्लं तळाशी होती. ओली, एकमेकांना चिकटलेली. नव्या डोळ्याला ती फार नीट दिसली. चोचींची लाल टोकंसुद्धा.

"जाळीत काहीतरी काळं काळं येत होतं," दादा मागून म्हणाला. "मला वाटलं, कचरा असेल."

ताईने मान वर केली. तळ्यापलीकडच्या भिंतीवर पाणकोंबडी होती. इकडून तिकडे धावत होती आणि एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत होती. मान तशीच पुढे-मागे होत होती.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली.

पार्टी म्हणजे एक चाळिशीचा माणूस, साधा, बोलायला मऊ. बरोबर दलाल आणि मोजणीचा फितीवाला. दादा त्यांना हात धरधरून दाखवत होता. ही लहान मुलांची बाजू, ही कपडे बदलायची खोली, इथे एका वेळी किती माणसं मावायची. माणूस ऐकत होता, पण त्याची नजर कुंपणाच्या चारी कोपऱ्यांवर होती. फितीवाला वाकून वाकून फीत ओढत होता.

"आता लाट बघा," दादा म्हणाला. "लाट बघितल्याशिवाय जायचं नाही." आणि कुणी नको म्हणायच्या आत तो पंपघरात घुसला.

जनरेटर खोकला, धडधडला. मशीन कण्हत कण्हत हललं आणि खोल भागातून एक लाट उठली. एकच. मशीन लगेच बंद पडलं. पण ती लाट चांगली मोठी होती, जुन्या दिवसांसारखी. ती उथळ काठापर्यंत सरसर आली, पाहुण्यांच्या बुटांना लागली आणि परत गेली. जाताना तिने तळाशी राहिलेलं सगळं काठावर ठेवलं होतं. मासे, बेडूक, एक मोठं कासव. कासव अजून पाय हलवत होतं.

दादा हसत बाहेर आला. "पाहिलीत?"

तो माणूस मेलेल्या माशांकडे बघत होता. मग त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, तुमच्यापर्यंत निरोप नीट पोचला नाही बहुतेक. आम्हाला इथे गोदाम बांधायचंय. हे तळं तर आम्ही पहिलं भरून काढणार. तुम्ही उगाच एवढी मेहनत घेतलीत."

दादाने ते ऐकलं आणि दोनदा मान हलवली, जणू कुणीतरी किती वाजले ते सांगितलं. मग तो काठावर खाली बसला, नव्या शर्टासकट. पाहुणे गेले तरी तो उठला नाही.

ताईने कासव पदरात घेतलं आणि भांडी घासायच्या नळाखाली धरलं. त्याचे डोळे दुधाळ झाले होते. कितीतरी वेळ ती त्याच्यावर पाणी सोडत राहिली. संध्याकाळी दादा दारात येऊन उभा राहिला.

"जगेल का ते?"

"नाही."

"चिमे, मला वाटलं, पाणी स्वच्छ असलं की..."

"मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"ऐकलं होतंस?"

त्याने मान खाली घातली. "ऐकलं होतं. पण मला वाटलं, एवढं काय त्यात."

ताईला खूप बोलायचं होतं. तोंड उघडलं तर इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडेल, याची तिला भीती वाटली. आणि त्या सगळ्यात स्वतःचाही वाटा निघेल, हेही तिला दिसत होतं. फोन आला तेव्हा चहा गाळण्याऐवजी ती एक शब्द बोलली असती तर? तिने नळ बंद केला. कासव सकाळी मेलेलं होतं. तिने ते पिल्लांशेजारी पुरलं. दादाने खड्डा खणायला कुदळ आणली. तिने त्याला खणू दिलं.

पाणकोंबडी दोन-तीन दिवस भिंतीवर दिसली, मग दिसेनाशी झाली. खंड्या आला, खुर्चीवर बसला, पाण्यात बघत राहिला आणि उडून गेला. बगळे वरूनच वळले. पाणी काही दिवस निळंच राहिलं. पार्कात इतकी शांतता त्या दोघांनी कधीच ऐकली नव्हती.

सह्या झाल्या. दोघांसाठी गावात एक भाड्याची खोली ठरली. सामान टेम्पोत चढलं त्याच दिवशी मातीचे ट्रक आले आणि काळ्या नळीची घसरगुंडी उतरवायला क्रेन आली. दादा निरोप घ्यायला म्हणून एकटाच आत गेला. बराच वेळ झाला तरी येईना, तेव्हा ताई बघायला गेली.

क्रेनवाला खाली उतरून विडी ओढत होता. "तुमचे भाऊ आत शिरलेत," त्याने नळीकडे बोट केलं. "म्हणतात, आत बेडूक ओरडतोय. मला तर काही ऐकू आलं नाही."

नळीच्या तोंडातून दादाच्या चपला दिसत होत्या. सत्तरी जवळ आलेला माणूस, गुडघे धरलेले, त्या अंधारात रांगत वर चढत होता.

"दादा! बाहेर ये."

"थांब. आहे इथेच. आत्ता ओरडला."

ताईने नळीत डोकं घातलं. आतून वटवाघळांचा जुना वास आला. तिनेही कान दिला. तिला दादाचा धापा टाकणारा श्वास ऐकू आला, त्याचा तळवा प्लास्टिकवर चाचपडत होता तो आवाज ऐकू आला. बेडूक ऐकू आला नाही. दादाला तर शेजारी फोन वाजलेला कळत नसे.

"सापडला का?" तिने विचारलं.

"नाही गं. हात पोचत नाहीये."

"थोडं डावीकडे बघ."

क्रेनवाल्याने विडी विझवली आणि घड्याळाकडे पाहिलं. ताईने त्याला हातानेच थांबायची खूण केली. मग ती चप्पल काढून वाकली आणि भावाच्या मागून नळीत शिरली. पुढे अंधारात तो रडत होता, आणि रडता रडता अजून चाचपडत होता. तिने त्याचा घोटा धरला आणि तशीच बसून राहिली. बाहेर पहिल्या ट्रकने माती ओतली.