नवरीच्या खोलीतला गरम नळ

निशाला अग्नी देऊन माणसं परत आली तेव्हा ऊन वर आलं होतं, पण गारठा काही हटला नव्हता. शीळफाट्याजवळच्या लग्नाच्या हॉलमागे, अंगणात सगळे अंग आखडून उभे राहिले. हॉल प्रफुल्लचा. बापाची शेती गेली, रस्त्याला लागून एवढा तुकडा उरला, त्यावर त्याने हा हॉल बांधला. घर मागेच. मूलबाळ नव्हतं, म्हणून बायकोला अग्नी त्यानेच दिला.

बायका सकाळपासून एकच बोलत होत्या. निशाचा चेहरा किती गुलाबी, नुकतीच झोपल्यासारखा. सवाष्ण गेली ना, म्हणून ते तेज. प्रफुल्ल नुसती मान हलवत होता. हार्ट अटॅक आला असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ओळखीच्या डॉक्टरने तसंच लिहून दिलं होतं. पण तो गुलाबी रंग कशाचा, हे त्याला ठाऊक होतं. गॅसवाल्या सुमितने ते त्याला दिवाळीतच सांगितलं होतं.

नवरीच्या खोलीला लागून न्हाणीघर होतं, आणि न्हाणीघरामागच्या अरुंद खोलीत मोठा गॅस हीटर. गरम नळ सोडला की तो भक् करून पेटायचा. त्याच्या धुराचा पाईप भिंतीतून लॉनच्या बाजूला काढला होता. तिथे भिंत काळी पडायची आणि फोटोवाले कुरकुरायचे. मग प्रफुल्लने तिथे प्लायवूड ठोकून त्यावर प्लास्टिकचे गुलाब लावले. नवरा-नवरी त्या गुलाबांपुढे उभे राहून सेल्फी काढायला लागले. पाईपाचं तोंड गुलाबांमागे गेलं ते गेलंच.

धूर अडला की हीटर आपोआप बंद पडायचा. एका लग्नात तो बंद पडला आणि वरमाय केसांना साबण तसाच ठेवून भांडायला बाहेर आली. प्रफुल्लने हीटर बंद पाडणारी ती कळच काढून टाकली आणि वायरी एकमेकींना जोडल्या. सुमितने ते बघितलं आणि तो घाबरला. ज्योत पिवळी जळतेय म्हणाला, धूर झरोक्यातून न्हाणीघरात जातोय. या धुराला वास नसतो, माणूस बसल्या जागी मरतो आणि मेल्यावर गुलाबी दिसतो. पाईप मोकळा करा, सर्व्हिसिंग करून घेऊ, तोवर पेटवूच नका. प्रफुल्लने त्याला चहा पाजला आणि सीझन संपल्यावर बघू म्हणून वाटेला लावलं.

लग्न उरकलं, आवराआवर झाली की निशा तिथेच आंघोळ करायची. बाहेर यायची ती डोकं धरून. तिने बऱ्याचदा सांगितलं. एकदा तर आचाऱ्यांसमोर हट्टच धरला, हीटर दाखवून घ्या म्हणून.

"राणीसारखं गरम पाणी मिळतं, तरी हिचं डोकं दुखतं," प्रफुल्ल म्हणाला. "माहेरी चुलीवर पाणी तापवायचीस ना? तिथला धूर गोड होता काय गं?"

आचारी हसले. निशाही ओशाळून हसली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

काल दार फोडावं लागलं. प्रफुल्लने आत जाऊन पहिल्यांदा खिडकी उघडली, मग मागे जाऊन हीटरचा कॉक बंद केला, आणि मग माणसांना हाक मारली.

आता अंगणात निशाचा भाऊ हितेश म्हणाला, म्हातारी माणसं कुडकुडतायत, आंघोळीच्या पाण्याला हीटर लावा. गॅस संपलाय, प्रफुल्ल म्हणाला. हे त्याच्या तोंडात लगेच आलं. हितेश हीटरच्या खोलीत जाऊन आला, आणि येताना पाईप भिंतीतून जिथे निघायचा त्या गुलाबांपाशी थांबून आला.

"दाजी, टाकी भरलेली आहे," तो म्हणाला. "मी कॉक उघडून आलोय."

प्रफुल्लने मग हीटर बिघडलाय म्हणून सांगितलं.

"काल ताईने त्याच्यावरच आंघोळ केली ना?"

हितेशचा आवाज साधाच होता. प्रफुल्लचा चुलता सखाराम मध्ये पडला. अग्नी देणाऱ्याने आधी अंगावर पाणी घ्यायचं, त्याच्याआधी आम्हाला जाता येत नाही, चल लवकर. कुणीतरी प्रफुल्लच्या खांद्यावर टॉवेल टाकला. हा हीटर माणूस मारतो, एवढं बोलला असता तर तो तिथेच सुटला असता. पण मग कालचंही बोलावं लागलं असतं. तो आत गेला.

कडी तुटलेली होती, म्हणून दार नुसतं लोटलं. फळीवर निशाचा कंगवा तसाच होता. त्याने निळ्या टोपीचा नळ सोडला. पाणी बादलीत पडायला लागलं आणि बाहेरचं बोलणं थांबलं. हीटर पेटल्याचा आवाज कुणालाच आला नाही.

"दाजी, गरम सोडा ना," हितेश दाराशी येऊन म्हणाला.

मला गारच चालेल, प्रफुल्लने आतून सांगितलं.

"आम्हाला नाही चालणार. लाल नळ सोडा, गरम येतं का बघा तरी."

प्रफुल्लने लाल टोपीवर हात ठेवला. एका बादलीने कोणी मरत नाही, हेही त्याला माहीत होतं. निशा कितीतरी वेळ आत बसलेली असायची. एकदा पिरगाळायचा, भक् झालेलं लोकांना ऐकवायचं आणि बंद करायचा. एवढंच काम. पण वर झरोका होता, आणि त्याच्याकडे बघितल्यावर हात वळेचना. बादली भरली, पाणी पायावरून वाहायला लागलं.

मग निशाच्या आईचा, ठमाबाईचा आवाज आला.

"माजे पोरीनी त तो नल सोरलेला रे," ती म्हणाली.

प्रफुल्लने हात मागे घेतला. दाराशी उभी असलेली पावलं निघून गेली. थोड्या वेळाने लॉनच्या बाजूने प्लायवूडचे खिळे उचकटल्याचा आवाज यायला लागला. प्रफुल्लने तांब्या भरला आणि ते गार पाणी डोक्यावर ओतलं, मग दुसरा भरला. त्याला बाहेर यायला कुणीही हाक मारली नाही.