माप घ्यायला गेलेत

मेल्यानंतर दातवाल्यांची धावपळ फार वाढली होती. गिऱ्हाईक दारात आलं की ते दातांच्या दवाखान्यात माप घ्यायला गेलेले असत, आणि दवाखान्यातून फोन आला की कुण्या म्हाताऱ्याच्या घरी. जिवंत होते तेव्हा गुडघे धरलेले, स्टुलावरून उठायचं तरी कुरकुर करत. आता बायको त्यांना गावभर पळवत होती.

सगळा रस्ता त्यांना दातवाले म्हणूनच ओळखे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. दवाखान्यातून जबड्यांची मापं यायची, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात बसवून कवळी तयार व्हायची. शेवटचं पॉलिश बायको, म्हणजे लेकीची आई, करायची. लग्नानंतर वर्षभरात तिने ते काम हातात घेतलं ते कायमचं. शेजारी चष्मेवाल्याचं दुकान. "वरच्या मजल्याची दुरुस्ती माझ्याकडे, तळमजल्याची दातवाल्यांकडे," हा त्याचा विनोद. तो रोज करायचा आणि बाबा रोज हसायचे.

चूक झाली ती पहिल्या फोनला. बाबांना पोचवून माणसं परतली होती. कुणी पाणी मागत होतं, कुणी आपली चप्पल शोधत होतं, आणि फोन वाजला. आईने सवयीने उचलला. आहेत का, असा नेहमीचा प्रश्न आला असणार, कारण तिच्या तोंडून नेहमीचंच उत्तर निघालं. "नाहीत, माप घ्यायला गेलेत." फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. लेकीला वाटलं, आता परत लावेल, सांगेल. तिने लावला नाही. पुढच्या फोनलाही तेच म्हणाली, आणि मग ते अंगवळणीच पडलं.

नातेवाइकांशी ती व्यवस्थित बोलली, त्यांच्याबरोबर रडलीही. पण ती माणसं कळल्यावर आलेली होती, त्यांना काही सांगावं लागलं नव्हतं. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायचं म्हटलं की तिची दातखीळ बसे. चष्मेवाल्यालाही तिने बजावलं होतं, "भाऊजी, तुम्ही मध्ये पडायचं नाही." तो बिचारा, गिऱ्हाईक दिसलं की दुकानात मागे जाऊन पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत बसे.

नुसत्या बोलण्यावर भागलं असतं तर लेकीने कदाचित सोडून दिलं असतं. पण आई कामं घेत होती. दवाखान्याला काही ठाऊक नव्हतं, ते मापं पाठवत होते, आणि आई ती उघडून, पुसून, फळीवर ओळीने मांडत होती. फळीवर जबड्यांची दाटी झाली होती. पांढरे, उघडे, वाट बघत असल्यासारखे.

"आई, हे सगळं परत पाठवायला हवं."

"बघू."

"बघू काय? करणार कोण हे?"

"ओरडू नकोस. मशीन चालू आहे, ऐकू येत नाही."

पॉलिशचं मशीन बंद होतं. आणि लेक ओरडतही नव्हती. ती ओरडणाऱ्यांतली नव्हतीच, वाचणाऱ्यांतली होती. दुःखावरची पुस्तकं तिने दुःख यायच्या आधीच वाचून ठेवली होती, आणि त्यातलं एक तिला मनापासून पटलं होतं, की मेलेल्या माणसाला मेलेलं म्हणावं. आडवळणं घेऊ नयेत. न बोललेलं घरात मुक्कामाला येतं, असं ती आईला म्हणालीसुद्धा.

"येऊ दे की," आई म्हणाली. "जागा रिकामीच आहे."

"वारले, एवढंच म्हणायचं. फार नाही."

"तू म्हण मग."

"मी म्हणतेच."

"कुणाला म्हटलंस? ऑफिसात काय कळवलंस?"

 ऑफिसात लेकीने घरगुती अडचण असं कळवलं होतं.

अशा चकमकी झाल्या की दोघी थकून जात. मग कुणीतरी चहा टाकी, कुणीतरी तो गार होऊ देई. घरात आता कशालाच घाई नव्हती. फक्त कंडक्टरला होती.

कंडक्टर म्हणजे पलीकडच्या वस्तीतला निवृत्त बसकंडक्टर. वरचे-खालचे सगळे दात काढून झालेला, उंच, ताठ, चिडखोर माणूस. बोलताना तोंडावर रुमाल धरायचा. त्याची कवळी मेणापर्यंत आली होती, म्हणजे दात लावून झाले होते, आणि ते तोंडात बसवून बघायला बाबांनी त्याला बोलावलं होतं. बाबांची एक पद्धत होती. कच्ची कवळी तोंडात बसवायची आणि माणसाला म्हणायचं, "आता बोला काहीतरी. खरं नसलं तरी चालेल." मग डोळे मिटून ऐकत बसायचे. कुठे स निसटतो, कुठे फ वाजतो, ते कानांनी पकडायचे. कंडक्टरने आपल्या जुन्या मार्गावरचे सगळे थांबे ओळीने म्हणून दाखवले होते. बाबांनी समोरचे दोन दात गरम सुरीने जरासे हलवले, पुन्हा थांबे म्हणायला लावले, आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात घेऊन जा. हाडं चावाल."

पुढचा आठवडा त्यांना मिळाला नाही. पण बाबांनी कधी दिलेला दिवस चुकवला नव्हता, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, म्हणून कंडक्टर येत राहिला. आधी गोडीत आला. मग तणतणत. "रोज रोज कुणाचं माप घेतोय हा माणूस? शहरातल्या सगळ्यांचे दात एकदमच पडले काय?" आई मान खाली घालून म्हणे, "येतील. या हं परत." तो गेला की लेक आईकडे बघे आणि आई भिंतीकडे.

लेकीच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. रस्त्याच्या कोपऱ्यावर दोन बाहेरची गिऱ्हाइकं बोलताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "दातवाले पूर्वीचे राहिले नाहीत. कामं घेतात आणि तोंड चुकवतात." जन्मभर बाबांनी जे एक सांभाळलं ते मेल्यावर आईच्या हातून चाललं होतं, आणि तेही तिच्या मायेपोटी. हे आईला कसं सांगावं, हे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्या दुपारी आई मशीनवर बसली होती. बाबांनी पुरी केलेली एक कवळी ती घासत होती, कालही तीच घासली होती. कंडक्टर आला तो उंबऱ्यातूनच बोलत आला.

"दवाखान्यात जाऊन आलो मी! ते म्हणतात, इथे कित्येक दिवसांत फिरकलेलेच नाहीत. वर मलाच विचारतात, तुमच्याकडे आले होते का म्हणून! आता बोला, वहिनी."

आईने मान वर केली नाही. मशीन घुमत राहिलं.

"मी पेज पिऊन दिवस काढतोय. माणसांत बसायची चोरी झालीय. नसेल जमत तर सांगावं सरळ. हे असं कामं उचलायची आणि पळून जायचं, बायकोला पुढे करायचं..." त्याने रुमाल खाली घेतला, ओठ आत गेलेलं तोंड उघडं पडलं. "मी समजत होतो सचोटीचा माणूस आहे. निघाला लबाड."

आईने मशीन बंद केलं. चाक हळूहळू थांबलं. हातावरची पांढरी पूड तिने पदराला पुसली.

"पळून गेले म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"लबाड म्हणालात त्यांना?"

"आई," लेक मध्ये पडली, "मी सांगते..."

"तू थांब." आई उठून उभी राहिली. तशी ती ठेंगणी, कंडक्टरच्या खांद्याला लागायची. "तुमचे दात लावून झालेत. त्या तिथे आहेत, निळ्या फडक्याखाली. तुम्ही गेल्यावर संध्याकाळपर्यंत त्यावरच बसले होते. कुणाचं काम टाकून पळणारा माणूस नव्हता तो. मेलाय."

 इतक्या वर्षांत आईने बाबांना एकेरीत कधी म्हटलं नव्हतं, हे लेकीच्या लक्षात आलं, आणि त्याचं तिला नवल वाटण्याऐवजी एकदम थकवाच आला, जिना चढून आल्यासारखा. ती पाट ओढून बसली.

"म्हणजे... ते माप..." कंडक्टर म्हणाला.

"माप नाही आणि काही नाही. मी खोटं बोलत होते."

"अहो, पण मी रोज येऊन त्यांना शिव्या घालत होतो!"

"घालत होतात खऱ्या. त्यांना ऐकू जात नव्हत्या. मला जात होत्या."

कंडक्टर टेकला तो गिऱ्हाइकांच्या खुर्चीतच. कसं झालं, असं त्याने हळूच विचारलं, आणि आई सांगू लागली. सकाळी छातीत दुखतं म्हणाले. वाऱ्याचं असेल म्हणून ओवा चावायला दिला. मग घाम फुटला. चष्मेवाल्याने गाडी काढली. इस्पितळात दोन रात्री काढल्या, तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, म्हणून मी अंग धुवायला घरी आले, आणि ही होती तिथे. मी पोचायच्या आत झोपेतच गेले. आई बोलत होती ते अगदी साधं, भाजी कुठून आणली ते सांगावं तसं. एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. लेकीला वाटलं होतं की हे सगळं बोललं गेलं की घर हलकं होईल. तसं काही होत नव्हतं. नुसतं बोललं जात होतं.

"झोपेत गेले बिचारे," कंडक्टर म्हणाला. "चांगलं मरण."

"ही म्हणते तसं," आई म्हणाली.

लेकीने वर पाहिलं.

"झोपेतच गेले, कळलंसुद्धा नाही, असं म्हणालीस तू मला. आणि त्यांची कवळी काढून दिलीस ती तुझ्या पर्समधून. हा माणूस माझ्यासमोर कधी बिनदाताचा बसला नाही. रात्री दिवा घालवल्यावर काढायचा आणि मी उठायच्या आत लावायचा. आणि आंघोळ घालताना मुठीत चादरीचे दोरे होते. वळलेली मूठ, मला उघडावी लागली." ती लेकीकडे बघत नव्हती, मशीनवरची पूड बोटाने गोळा करत होती. "झोपलेलं माणूस चादर उसवत नाही, बाळा."

"तेव्हाच का नाही विचारलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

 एकीने गिऱ्हाइकांना चुकवलं होतं, दुसरीने आईला, आणि दोघीही बाबांना सांभाळत होत्या. सरळ म्हणावं हे लेकीने किती वेळा आईला शिकवलं होतं, आणि आडवळण तिनेच घेतलं होतं.

"मी उठतो," कंडक्टर म्हणाला. "घरचं बोलणं आहे."

"बसा हो. तुम्ही नसता आलात तर आम्ही दोघी अशाच बसलो असतो. चहा घ्या." पण चहा टाकायला ती उठली नाही. "सांग."

"जागे होते," लेक म्हणाली.

"हं."

"शेवटपर्यंत. श्वास लागला होता. तोंडावर मास्क होता, म्हणून नर्सने दात काढून माझ्याकडे दिले. ते मागत होते सारखे. मास्क बाजूला करून म्हणायचे, दात दे. नर्स म्हणाली, आता नाही. मग ते तोंडावर हात धरून राहिले. त्या नर्सला दिसू नये म्हणून. डॉक्टर येतील तसा हात, ते गेले तरी हात."

"लाजत होते."

"हो. आणि घाबरले होते, आई. खूप. मला म्हणाले, घरी ने."

आईने डोळे मिटले.  कंडक्टर खाली फरशीकडे बघत होता.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नेते. उद्या नेते."

"बरं केलंस."

"ते खोटं होतं."

"असू दे. त्यांना खरं काय करायचं होतं त्या वेळी?" आईने डोळे उघडले. "माझं विचारलं का?"

"दोनदा. मी सांगितलं, वाटेत आहे."

"होतेच मी वाटेत." तिने बोटावरची पूड झटकली. "मग?"

"मग बोलणं बंद झालं. चादर धरली. माझा हात मी त्यात घालायला बघत होते, पण मूठ सोडवेना. फार वेळ नाही लागला. पण कमीही नाही. मग थांबलं सगळं."

बाहेर चष्मेवाल्याच्या दाराची घंटी वाजली, कुणी आत गेलं. लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला हवं होतं, आलं नाही. पाठ दुखत होती. आपण हे कुणाला तरी सांगितलं याचं तिला समाधान वाटत होतं का, ते तिने स्वतःला विचारून बघितलं, आणि उत्तराची वाट न बघता सोडून दिलं.

आई उठली. निळं फडकं बाजूला करून तिने मेणातली कवळी कंडक्टरला दाखवली, हातात दिली नाही. "मला एवढं पुढचं येत नाही. दवाखान्यात आज फोन करते, खरं ते सांगते. दुसऱ्या कारागिराकडून पुरी करून देतील. दात मात्र यांनी लावलेत तेच राहतील, हलवू नका म्हणून सांगेन."

"घाई नाही, वहिनी."

"आता घाई नाही म्हणता!" आई म्हणाली, आणि ओठांच्या कोपऱ्यात जरासं काही हललं. ते लगेच गेलं. कंडक्टर उठला, काय बोलावं ते न सुचून दोघींना हात जोडले, आणि निघून गेला.

आई फोनपाशी गेली. उचलला, आणि नंबर न लावता तसाच धरून राहिली.

"तिथे खिडकी होती का गं?"

"होती. पण त्यांची पाठ होती तिकडे."

"उजेड कुठला, सकाळचा?"

"सकाळचा. बराच होता."

"मग बरं झालं पाठ होती ते," आई म्हणाली. "डोळ्यांवर आलेला चालायचा नाही त्यांना." आणि ती दवाखान्याचा नंबर लावू लागली.